दबाब चालेल

हाइल, ९ ऑक्टोबर २०२४

जुबेदा,

सलाम. सुखरूप पोचलो.

निघताना तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आता फोन करू नका, तुमचा आवाज चार महिने पुरेसा ऐकला." तल्हा ऐकत होता, सूनबाईही ऐकत होती. ठीक आहे. आवाज नको तर नको. कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. माझ्या पत्रांत तू मिरच्या बांधायचीस, फोटोत बांधता येत नाहीत, एवढीच तुझी अडचण होईल.

इथली हकिकत ऐक. पंचवीसेक वर्षं या कॅम्पात मी सगळ्यांच्या पुढे दबाब चालवला. नफूदच्या लाल वाळूत मागे पाहुण्यांच्या गाड्यांची रांग आणि पुढे मी. 'तुमचं ते चार चाकांच्या मोटारसायकलचं खूळ' म्हणून तू फोटो बघायच्या आधीच नाक मुरडायचीस, तोच दबाब. कुठलं टेकाड पलीकडे सरळ उतरतंय आणि कुठलं सुरीने कापल्यासारखं तुटलंय, हे मला चाकाखालून कळायचं. ऑपरेशन झालं, खुबा बदलला, आणि आता मला तंबूत खुर्चीवर बसवलंय. गहवा करायचा, म्हणजे ती वेलचीची पिवळी कॉफी, आणि पाहुण्यांपुढे खजूर सरकवायचे. काम खुर्चीवर, जेवण खुर्चीवर, नमाजही खुर्चीवर, रांगेच्या टोकाला, म्हाताऱ्यांच्या शेजारी. पाहुण्यांची पोरं मला 'शायब' म्हणतात. शायब म्हणजे म्हातारा. मी हसतो. न हसून जाऊ कुठे?

माझा कफील, म्हणजे मालक, अबू नाइफ वाईट माणूस नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नसर, थंडीचा सीझन आला. पुढे तू गेलास तर तुझी नोकरी राहील. नाही गेलास तर खुरूज." खुरूज म्हणजे इकामा, इथे राहायचा परवाना, रद्द आणि कायमची रवानगी. म्हणजे मी घरी, जुबेदा. कायमचा. ही बातमी वाचून तू नाचायला लागशील याची मला खात्री आहे.

आलोच तर आधीच सांगून ठेवतो. मसाल्याची जी अर्धी खोली उरलीय तीही मला लागेल. तुझं कांडपाचं मशीन भंगारवाल्याला दे. नवरा घरात असताना बायको मसाला कांडून विकते, हे बरं दिसत नाही. आणि त्या झेबाला म्हणावं दुसरं घर बघ. विधवा बाईने रोज येऊन आपल्या घरात खिदळत बसायचं, हे मी आजारी होतो म्हणून चालवून घेतलं.

आता काम. ऑपरेशन केलेले तिथले डॉक्टर फोनवर बोलत नाहीत, त्यांचा कंपाउंडर 'पेशंटला घेऊन या' एवढंच म्हणतो. इथे काढलेल्या एक्स-रेचा फोटो सोबत आहे. तो घेऊन दवाखान्यात जा आणि एकच विचार, दबाब चालेल का? चालेल म्हणाले तर मी चढतो. नाही म्हणाले तर बॅग भरतो. माझी रोजीरोटी आणि इज्जत तुझ्या एका शब्दावर आहे. जे असेल ते लिही.

नसरुद्दीन


कर्ला, रत्नागिरी, १७ ऑक्टोबर २०२४

तल्हाच्या अब्बांना सलाम.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखंच आहे, पण आवाजापेक्षा बरं.

आधी तुमच्या बाथरूमबद्दल, कारण उरलेल्या अर्ध्या खोलीचा विषय तुम्ही काढलात. खाली बसता येत नाही, तुम्हाला खुर्चीचा संडास हवा, हे मला मान्य होतं. पडवीत जागा होती. मागच्या अंगणात होती. तुम्ही गवंड्याला माझ्या मसाल्याच्या खोलीत उभं केलंत आणि काठीने भिंत दाखवून म्हणालात, "ही फोड." मी चार-पाच दिवस बहिणीकडे गेले होते. परत आले तर माझं मशीन अंगणात, वर फाटकी ताडपत्री, आणि भर जुलैतला पाऊस. तुम्ही पलंगावरून म्हणालात, "अगो, बघ तरी काय मस्त टाइल लावलीय." त्या दिवसापासून मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही. तुम्हाला वाटलं, तुमचं दुखणं बघून बिचारीच्या तोंडून शब्द फुटत नाही.

असो. काल डॉक्टरांकडे जाऊन आले. एक्स-रेचा फोटो त्यांनी बोटांनी मोठा करकरून पाहिला. म्हणाले, चालेल. अगदी ठासून म्हणाले. दबाब चालेल, दबाबाशिवाय ते हाड धरायचं कसं, पेशंटला म्हणावं घाबरून बसू नको.

तेव्हा चढा. खुर्ची सोडा. पंचवीस वर्षं जे केलंत तेच करा, तुम्हाला दुसरं येतं काय?

झेबा तुमच्यासाठी रोज दुआ करते. कमोडवर फळी टाकलीय, तिच्यावर बसून मिरच्यांची देठं काढते आणि दुआ करते. उंची अगदी बेताची आहे म्हणाली, पाठ दुखत नाही.

जुबेदा


हाइल, ३ नोव्हेंबर २०२४

जुबेदा,

तुझं पत्र मी शंकरला वाचून दाखवलं. सगळं नाही, डॉक्टरांपुरतं. शंकर म्हणजे आमचा चिपळूणचा फिटर, दबाबांची इंजिनं तोच उघडतो. तो म्हणाला, "नसरूभाई, माझ्या आत्याचा खुबा बदलला तेव्हा डॉक्टरने तिला रिक्षातसुद्धा बसू दिलं नव्हतं. आणि तुम्हाला दबाब चालेल? डॉक्टर शुद्धीवर होता ना?" मी म्हटलं, तुझ्या आत्याला कोण होतं रे विचारणारं? नवरा मेलेला, तू इथे. माझी बायको स्वतः दवाखान्यात जाऊन विचारून आलीय. तो पुन्हा इंजिनात डोकं घालून बसला. लागलं त्याला. लागू दे, माझ्याविषयी डॉक्टरपेक्षा जास्त कळतं का त्याला?

बाथरूमचं वाचून आधी डोकं फिरलं. चार ओळी शिव्याही लिहिल्या होत्या, त्या फाडल्या. कारण पुढे तू 'चढा' लिहिलं होतंस. लग्न झाल्यापासून तुझ्या तोंडून मी 'कशाला', 'जपून', 'राहू द्या' एवढंच ऐकलंय. 'करा' असं तू मला पहिल्यांदा म्हणालीस. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. शंकरने पाहिलं, मी म्हटलं वाळू गेली.

कॅम्पामागच्या सपाटीवर सुरुवात केलीय. पाय पलीकडे टाकता येत नाही. शंकर पोटरी धरून उचलतो आणि सीटपलीकडे ठेवतो, टेम्पोत बकरा चढवतात तसा. बाकीचे मान वळवून हसतात. एकदा बसलो की मात्र मी मीच असतो. फक्त चाक खड्ड्यात गेलं की खुब्यात आतून कोणी पाना फिरवल्यासारखं होतं, आणि उतरल्यावर अर्धा दिवस पाय टेकवत नाही. दुखण्याविषयी डॉक्टर काही बोलले होते का? आणि उडीविषयी? माथ्यावरून पलीकडे जाताना गाडी क्षणभर हवेत असते, मग आदळते.

मशीन भंगारात देऊ नकोस. राहू दे. पुढच्या सुट्टीत पडवीला लागून तुला पत्र्याची शेड घालून देतो. मी चुकलो असं नाही, पण विचारायला हवं होतं.

नसरुद्दीन


कर्ला, १४ नोव्हेंबर २०२४

तल्हाच्या अब्बांना सलाम.

'मशीन भंगारात देऊ नकोस' हे वाचून झेबा आणि मी डोळे पुसेपर्यंत हसलो. तुमचं विमान उडालं त्याच आठवड्यात मशीन दुरुस्त केलं. खोलीतच बसवलंय, तुमच्या टाइलवाल्या भिंतीला टेकून. टाइलमुळे एक सोय झाली, मसाला पुसून घेता येतो. शेड नको. माझी खोली आहे मला.

दुखण्याचं काय एवढं? नवं लोखंड आत गेलंय, ते दुखणारच. डॉक्टर म्हणालेच होते, दुखलं तरी दबाब द्यायचा, रोज थोडा थोडा वाढवत न्यायचा, पाय चोरायचा नाही. पाय चोरला की कायमचं लंगडेपण येतं म्हणाले. पोटरी धरून चढवायला शंकर लागतो, हे मला लिहिलंत ते लिहिलंत, तल्हाला लिहू नका. त्याने मित्रांना आपल्या अब्बांचे वाळूवरचे फोटो दाखवलेत.

मोहल्ल्यात बायका विचारतात, "तुमचे हे कायमचे येणार म्हणे?" मी सांगते, छे गो, ते अजून सगळ्यांच्या पुढे असतात. मला खोटी पाडू नका. गहवा ढवळणारा नवरा मी पाहिलेला नाही आणि बघायची हौसही नाही. शायब होऊन घरी येऊ नका. म्हातारे इथे पुष्कळ आहेत, मशिदीच्या ओट्यावर जागा उरलेली नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात. तुम्ही इतकी वर्षं साजरे होतात, आता जवळ येऊन दगडधोंडे कशाला दाखवता?

जुबेदा


हाइल, १८ नोव्हेंबर २०२४

जुबेदा,

पत्र तीनदा वाचलं. एक शंका आहे, रागावू नकोस.

दबाब आम्ही चालवतो. चढवतो, पळवतो, कधी उलटवतो. 'दबाब द्यायचा, रोज थोडा थोडा वाढवत न्यायचा' असं इथे कोणी म्हणत नाही. देतात आणि वाढवतात तो दबाव, शेवटी व. पायावर देतात तो. शंकरला वाचून दाखवलं नाही, तो लगेच नाचेल.

तू काय विचारलंस आणि ते काय म्हणाले, शब्दाला शब्द लिही. संशय नाही. मसाल्याच्या कामाने थकून लिहिलं असशील.

नसरुद्दीन


कर्ला, २२ नोव्हेंबर २०२४

तल्हाच्या अब्बांना सलाम.

तुम्ही मास्तर व्हायला हवं होतं, उगाच वाळूत गेलात. सातवी शिकलेल्या बाईचा ब आणि व तपासायला सौदीत बसलेला नवरा कुणाला मिळतो?

घ्या शब्दाला शब्द. मी म्हटलं, "डॉक्टर, ते वाळूवर चार चाकांची मोटारसायकल चालवतात, तिला तिथे दबाब म्हणतात. चालेल का?" ते म्हणाले, "चार चाकं आहेत ना? मग पडायची भीती नाही. खुशाल चालवू दे." मी म्हटलं, "उडी?" तर हसले. म्हणाले, "तुमच्या मिस्टरांना खुबा बसवलाय, लोणच्याची बरणी नाही."

झालं समाधान? आता अल्लाची कसम खा म्हणून लिहू नका. एवढ्यातेवढ्याला कसम खाऊ नये.

घोडामैदान जवळ आलंय. गारठा पडला असेल तिकडे. स्वेटर घालून चढा.

जुबेदा


कर्ला, २० डिसेंबर २०२४

तल्हाच्या अब्बांना सलाम.

महिना होत आला, पत्र नाही. चढलात का?

जुबेदा


हाइल, ३० जानेवारी २०२५

जुबेदा,

हे पत्र मी आडवा पडून लिहितोय. वहीखाली शंकरने ट्रे धरलाय, त्यामुळे अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं तर त्याचे आभार मान.

सगळं क्रमाने सांगतो, म्हणजे तुला कुठे अडखळायला नको.

आपला बदरुद्दीन, माझ्या मामूचा मुलगा, रियाधला अल मलाझमध्ये ज्याचं कपड्याचं दुकान आहे, तो नोव्हेंबरच्या शेवटी पुतणीच्या निकाहला रत्नागिरीत आला होता. तुझ्याकडून किलोभर मसालाही घेऊन गेला. त्याला मी दवाखान्यात जायला सांगितलं होतं. माझी फाईल नाही, एक्स-रे नाही, नुसता दबाबाचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन तो डॉक्टरांसमोर बसला. डॉक्टर फोटो बघून खुर्चीतून उठले म्हणे. "या गाडीवर? त्या पेशंटला? एक आदळा बसला की सांधा निखळेल, हाड फुटलं तर आयुष्यभर आडवा राहील. मी 'दबाव चालेल' म्हणालो होतो, पायावर भार द्यायचा, दबाव!" मग जरा आठवून म्हणाले, "त्यांच्या मिसेस दबाब दबाब म्हणत होत्या खऱ्या. मला वाटलं बोलण्यातला फरक. तरी मी विचारलं, दबाब म्हणजे काय हो? तर त्या म्हणाल्या, वजन हो, डॉक्टर. आमच्याकडे तसं म्हणतात."

वजन हो, डॉक्टर. मी हे वाक्य इतक्या वेळा मनात म्हटलं, की आता मला तुझा आवाज फोनशिवायही ऐकू येतो.

चूक झाली असती तर मी हसलो असतो. ब आणि व, अरबी आणि मराठी, होतं असं. पण डॉक्टरांनी तुला विचारलं होतं. तुझ्यासमोर दार उघडून धरलं होतं त्यांनी. तू ते हाताने लावलंस आणि बाहेर येऊन मला लिहिलंस, चढा. आणि मी रडलो होतो ते वाचून. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बदरुद्दीनला मी कुणाला न सांगण्याची कसम घातली. तुला उत्तर लिहिलं नाही. सपाटीवरचा सराव त्याच दिवशी बंद केला आणि अबू नाइफला जाऊन सांगितलं, मला खुरूज दे. जानेवारीअखेर कागद होतील म्हणाला. धडधाकट घरी यायचं ठरवलं होतं मी, जुबेदा. दोन पायांवर. सकाळ-संध्याकाळ तुझ्यासमोर बसायचं, मशीन विकायचं, झेबाला हाकलायचं, आणि तुला सगळं ठाऊक असून एक शब्द बोलायचा नाही. तुझ्यासाठी यापेक्षा मोठी सजा मला सुचली नव्हती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझ्यात तर लोखंड घातलंय.

मग जानेवारीच्या सुरुवातीला एका रात्री गारा पडल्या. इथे थंडीत कधीतरी पडतात, पण एवढ्या मी पाहिल्या नव्हत्या. सकाळी नफूद पांढरं झालं होतं, लाल वाळूवर दाण्यादाण्यांचा थर. शंकर म्हणाला, टीव्हीत बर्फावर गाड्या पळवतात तसं दिसतंय. शहरातून पाहुण्यांची रीघ लागली. अबू नाइफने पुढे जायला शंकरला सांगितलं. मी तंबूच्या दाराशी खुर्चीवर गहवा ओतत होतो.

एका पाहुण्याला सुचलं, शायबला दबाबवर बसवा, फोटो काढू. बर्फ, लाल गाडी आणि पांढऱ्या दाढीचा म्हातारा. सगळ्यांना आवडलं. दोघांनी मला बगलेत धरून उचललं, तिसऱ्याने पाय पलीकडे टाकला. हातात गहव्याचा पेला तसाच ठेवायला सांगितला, तो चांगला दिसतो म्हणे. मोबाईल वर झाले. कोणीतरी ओरडलं, "हस, शायब!" आणि त्याच वेळी मला तुझी ओळ आठवली. शायब होऊन घरी येऊ नका.

मी पेला फेकला आणि गाडी सुसाट सोडली.

पहिलं टेकाड गेलं. दुसरं गेलं. मागे ओरडा होता, शिट्ट्या होत्या, अबू नाइफ "यल्ला नसर!" म्हणून किंचाळत होता, आनंदाने की भीतीने ते कळलं नाही. खुबा दुखत नव्हता. काही म्हणजे काही दुखत नव्हतं. तेवढा वेळ मी तुझा नवरा नव्हतो, शायब नव्हतो, कुणाचा कोणी नव्हतो. एवढं सुख तुझ्या खोटेपणामुळे मिळालं हे कबूल करतो.

तिसऱ्या टेकाडावर मी चाकाखालचं ऐकत होतो. गारांच्या थरावर चाक काही बोलत नाही. टेकाड पलीकडे कापलेलं होतं. गाडी हवेत गेली, मी तिच्याखाली आलो. खुब्यातून फळी मोडल्यासारखा आवाज आला, तो मी ओरडायच्या आधी ऐकला.

आता पुढचं नीट वाच. लोखंडाभोवतीचं हाड चुरलंय. इथल्या डॉक्टरांनी दोनदा उघडून बघितलं आणि बंद केलं. पुन्हा सांधा बसवण्याजोगं हाडच उरलेलं नाही म्हणतात. उभं राहणं नाही, बसणं उशांच्या आधाराने. बाकीचा मी ठणठणीत आहे. हृदय उत्तम, साखर नाही, अब्बांसारखा नव्वदीपर्यंत जाईन. अबू नाइफ रडला. स्ट्रेचरचं तिकीट त्याने काढलंय. चौदा फेब्रुवारीला शंकर मला घेऊन निघतो.

खाट मसाल्याच्या खोलीत लाव, संडास जवळ पडेल. कमोडवरची फळी काढ. मला रोज सकाळी बगलेत धरून तिथवर न्यायचं, बसवायचं, उठवायचं, धुवायचं. सूनबाई करणार नाही आणि तल्हा मुंबईत. मोहल्ल्यात सगळ्यांना मी कळवलंय की माझी बायको माझं सगळं करायला तयार आहे, त्यामुळे तुझं नाव खूप झालंय. नाही म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

डॉक्टरांना तू सांगितलंस ते शेवटी खरं झालं. दबाब म्हणजे वजन. आता ते तू उचल.

नसरुद्दीन


कर्ला, ४ फेब्रुवारी २०२५

नसरुद्दीन,

नाव घेतलं म्हणून दचकू नका. आता तुम्ही उठून कुठे जाणार आहात?

पत्र झेबासमोर वाचलं. तिला रडू आलं. मला येईल असं वाटलं होतं, म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली. नाही आलं. मग आम्ही चहा घेतला.

होय, मी 'वजन' म्हणाले. डॉक्टरांनी विचारल्यावर मी खिडकीतून बाहेर बघितलं. एका पोत्यातून सांडलेल्या मिरच्या रस्त्यावर कोणीतरी गोळा करत होतं. मला माझं मशीन आठवलं, आणि तोंडातून निघालं, वजन हो, डॉक्टर. बाहेर आल्यावर परत आत जाऊन सांगावं असं वाटलं. मग तुमचं पत्र पर्समधून काढून पुन्हा वाचलं, 'मशीन भंगारवाल्याला दे'. आणि रिक्षा केली. तुम्ही मरावं असं मला कधी वाटलं नाही. तुम्ही तिकडेच राहावं एवढंच वाटलं. तुम्ही शेडचं लिहिलंत ते थोडं आधी लिहिलं असतंत तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. त्याचा विचार मी करत नाही.

मोहल्ल्यातून बायका येऊन गेल्या. कोणी माझे हात धरते, कोणी जन्नतची गोष्ट सांगते. तुम्ही बंदोबस्त पक्का केलात. मी नाही म्हणणार नाही. बगलेत धरीन, नेईन, बसवीन, धुवीन. माझ्या कामात कोणी खोट काढलेली नाही, तुम्हीही काढू शकणार नाही.

खाट लावली. तुम्ही म्हणालात त्याच खोलीत. दुसरीकडे ठेवायची झाली तर लोक विचारतील, संडासापासून लांब का? कमोडवरची फळी काढली, झेबाला नवा पाट आणला. मशीन मात्र हलवता येत नाही, खाली सिमेंटमध्ये बोल्ट ठोकलेत. ते तुमच्या उशाशी येतं, हात लांब केलात तर लागेल, तेव्हा हात लांब करू नका.

आता मिरची कांडपाचा सीझन. सगळ्या गावाचा वर्षाचा मसाला याच खोलीत होतो. पावसापर्यंत मशीन सकाळी चालू झालं की संध्याकाळी मगरीबच्या अजानलाच थांबतं. मिरचीचा खकाणा उडतो. डोळे जळतात, घसा धरतो, खोकला सुरू झाला की थांबत नाही, आणि खोकताना खुब्याला हादरे बसतील. आम्ही दोघी नाकातोंडाला ओढणी बांधून अंगणात येऊन बसतो. तुम्हालाही रुमाल बांधून जाईन. सवय होते म्हणतात.

तहान लागली, कूस बदलावीशी वाटली, संडासला जायचं झालं, तर हाक मारा. निघताना मी म्हणाले होते ना की तुमचा आवाज नको, ते मी मागे घेते. मनसोक्त हाका मारा. फक्त मशीन चालू असताना अंगणात काही ऐकू येत नाही.

जुबेदा